बरणीबाहेरचा कचरा

चार माणसांच्या कुटुंबाचा वर्षभराचा कचरा एका काचेच्या बरणीत मावतो, हे चित्र आता जगभर ओळखीचं झालं आहे. ते गाजलं बेआ जॉन्सन यांच्यामुळे. मूळच्या फ्रेंच, राहायला कॅलिफोर्नियात, घरी नवरा आणि दोन मुलगे. त्यांचं ‘झीरो वेस्ट होम’ २०१३ साली आलं आणि त्यानंतर ‘कचरामुक्त घर’ हा एक स्वतंत्र लेखनप्रकारच होऊन बसला. पुस्तकं, वर्तमानपत्रांतली सदरं, व्हिडिओ, दिवाळी अंकांतले लेख. मराठीतही तो चांगला रुजला आहे. फरक इतकाच की मराठीत बरणीच्या जागी आजी असते. आजीच्या घरी कचरा नावाची गोष्टच नव्हती, अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होणारे किती लेख मी आजवर वाचले, त्याची मोजदाद नाही.

हे लेखन बहुतेकदा आचारसंहिता म्हणून वाचलं जातं. काय करायचं, काय सोडायचं याची यादी म्हणून. त्यामुळे कुठल्याही कथनाला आपण सहज विचारतो ते प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. ही गोष्ट कोण सांगतं आहे? तिच्यात पात्रं कोण आहेत आणि कोण नाहीत? ती कुठे सुरू होते आणि कुठे थांबवली जाते? मला हेच प्रश्न विचारायचे आहेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: ही गोष्ट घराच्या उंबरठ्यावर थांबते, आणि पुनर्वापर नेमका तिथून पुढे सुरू होतो.

आधी जॉन्सन यांच्या पुस्तकाचं देणं मान्य केलं पाहिजे. त्यांनी इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारी पाच क्रियापदं दिली. नको म्हणा, कमी करा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रणाला द्या, कुजवा. यातला क्रम महत्त्वाचा आहे. पुनर्चक्रण चौथ्या जागी आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवर, सरकारी जाहिरातींत आणि शीतपेयांच्या बाटल्यांवर मात्र तेच पहिलं आणि तेच शेवटचं असतं. रिकामी बाटली योग्य रंगाच्या डब्यात पडली की नागरिकाचं काम संपलं. जॉन्सन मागे जाऊन विचारतात, की ती बाटली घरात आलीच कशाला? हा प्रश्न बाटली बनवणाऱ्याला अडचणीचा आहे, म्हणून तो मोलाचा आहे. पुस्तकाची मांडणीही उपयोगी आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपड्यांचं कपाट, मुलांची शाळा, सणवार असं ते घरभर फिरतं. वाचणाऱ्याला त्याच संध्याकाळी एखादी गोष्ट करून पाहता येते. उपदेशाच्या पुस्तकांना हे क्वचितच साधतं.

पण ही घरभर फिरणारी मांडणीच त्या पुस्तकाची मर्यादाही ठरवते. शेवटाकडे समाजात काय करता येईल यावर मजकूर आहे, नाही असं नाही. मात्र तोवर पुस्तकाचं एकक ठरून गेलेलं असतं, आणि ते म्हणजे घर. घरात काय आलं आणि घरात काय उरलं, एवढंच मोजायचं. बरणी हे त्या हिशेबाचं माप. या मापात दुकानदाराकडे आलेली गोणी आणि तिच्यावरचं प्लास्टिक मोजलं जात नाही. घर बांधताना निघालेला राडारोडा मोजला जात नाही. आणि आजारपण तर नाहीच नाही. अंथरुणाला खिळलेलं एक माणूस घरात असलं की डायपर, हातमोजे, औषधांच्या पट्ट्या, सलाईनच्या नळ्या यांनी ती बरणी पहिल्याच दिवशी भरते. या लेखनप्रकारातली माणसं निरोगी असतात, मुलं शाळेत जाण्याच्या वयाची असतात, आणि कुणी म्हातारं होत नाही.

रिफिलचंच उदाहरण घेऊ. या लेखनात रिफिल म्हणजे आपली बरणी आणि आपली पिशवी घेऊन सुट्या मालाच्या दुकानात जाणं. मराठी वाचकाला यात नवल वाटत नाही. वाण्याकडे सगळंच सुटं मिळायचं. डाळ-तांदूळ पोत्यातून, गूळ ढेपेतून, रॉकेल पिंपातून. तेलासाठी घरून बरणी किंवा किटली न्यायची. मग आपण ते सोडलं का? आजीच्या लेखांत याचं उत्तर ‘आपण पाश्चात्त्यांचं अनुकरण केलं’ असं एका ओळीत मिळतं. खरं उत्तर जरा लांब आहे.

१९९८च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. अंगावर सूज येणाऱ्या त्या आजारात ६०हून अधिक माणसं दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश काढला. पाकीट हा इथे चैनीचा भाग नव्हता. आतला माल अमुक कंपनीचा आहे, वजन इतकं आहे, मध्ये कुणी हात घातलेला नाही, याची ती हमी होती. वाण्याच्या तराजूवर आणि पिंपावर गिऱ्हाइकाचा विश्वास नव्हता, त्याची किंमत पाकिटाने भरून काढली. दुसरं कारण पैशाचं. १९८०च्या दशकात शाम्पूच्या छोट्या पुड्या देशभर पसरल्या, त्या हातावर पोट असणाऱ्यांच्या जोरावर. पूर्वी रोजच्या मजुरीतून रोजचं तेल-मीठ घेणारा माणूस वाण्याकडून पुडी बांधून घ्यायचा. कंपनीने त्याच पुडीला आपला शिक्का मारला आणि कागदाच्या जागी प्लास्टिक व अॅल्युमिनियमचे थर आणले. कागदाची पुडी चुलीत जायची. ही पुडी गटारात अडकते.

तेव्हा ‘सुट्या मालाकडे परत चला’ असं म्हणताना दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. सुट्या मालाच्या शुद्धतेची हमी कोण देणार? आणि ज्याच्या खिशात आज २० रुपये आहेत त्याला २० रुपयांचा माल मिळणार का? शहरांत आता जी रिफिलची दुकानं निघाली आहेत, तिथे काचेच्या बरण्यांची रांग सुरेख असते, माल सेंद्रिय असतो आणि भाव वाण्याच्या दुप्पट असतो. वर दिलेल्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर तिथे मिळतं. दुसरा प्रश्न त्या दुकानाची पायरी चढतच नाही.

आणि तरीही रिफिल आपल्याकडे अतिशय उत्तम चालतं. इतकं उत्तम की आपल्याला ते दिसत नाही. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर घ्या. अनामत रक्कम भरून तो आपण घेतो, रिकामा देतो, भरलेला घेतो. देशातल्या कोट्यवधी घरांत हे चालतं. रिकामा सिलिंडर परत देताना आपण पर्यावरणासाठी काही केलं असं कुणाला वाटत नाही, त्याचा फोटो कुणी टाकत नाही. सोडावॉटरच्या बाटल्यांचा क्रेट टपरीवरून परत जातो. २० लिटरचा पाण्याचा जार कार्यालयांतून परत जातो. मुंबईत जेवणाचा डबा घरून कचेरीत जातो आणि त्याच दिवशी घरी येतो. ‘आरे’च्या दुधाच्या काचेच्या बाटल्या मुंबईकरांच्या एका पिढीला अजून आठवतात. वर पातळ पत्र्याचं टोपण. रिकामी बाटली केंद्रावर द्यायची आणि भरलेली घ्यायची.

या सगळ्यांत काही गोष्टी समान आहेत. भांडं आपल्या मालकीचं नसतं, आपल्याकडे ते वापरापुरतं असतं. बहुतेक ठिकाणी अनामत असते, म्हणून ते फेकण्यात तोटा असतो. त्याचा आकार ठरलेला असतो, म्हणून माझं रिकामं भांडं तुमचं भरलेलं होऊन येऊ शकतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ते परत नेणारा माणूस असतो आणि त्या कामाची मजुरी त्याला मिळते. जर्मनीत मिनरल वॉटर भरणाऱ्या कंपन्यांच्या सहकारी संस्थेने १९६९ साली ०.७ लिटरची एकच सामाईक बाटली आणली. वरच्या भागात मण्यांसारखे उंचवटे असलेली. ती कुठल्याही एका कंपनीची नव्हती, त्यामुळे ती जवळच्या कुठल्याही कारखान्यात जाऊन धुतली आणि भरली जाऊ शके. नागरिकांचा सद्गुण वाढवण्यापेक्षा बाटलीचा आकार एक करणं त्यांनी पसंत केलं.

उलट उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मार्च २०१८मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यात दुधाच्या पिशव्यांवर परतखरेदीची किंमत छापायची अट होती, किमान ५० पैसे. कल्पना चुकीची नव्हती. अनामतीचं तत्त्वच ते. पण रिकामी पिशवी घेणार कोण, ठेवणार कुठे, धुणार कोण, मोजणार कोण आणि त्या कष्टाचे पैसे कुणाच्या खिशातून येणार, हे बसवल्याशिवाय किंमत छापून भागत नाही. मी आजही दुधाची पिशवी धुते, वाळवते आणि कचरा गोळा करणाऱ्या ताईंना देते. दूध विकणाऱ्याकडे ती परत जाण्याचा रस्ता माझ्या गल्लीत मला कधी दिसलेला नाही.

परतीचा हा रस्ता पूर्वी होता, आणि तो फक्त आपल्याकडेच होता असं नाही. सुझन स्ट्रासर या इतिहासकार बाईंचं ‘वेस्ट अँड वॉन्ट’ (१९९९) हे पुस्तक अमेरिकेतल्या कचऱ्याचा सामाजिक इतिहास सांगतं. मराठी वाचकाने ते जरूर वाचावं, कारण त्यातली एकोणिसाव्या शतकातली अमेरिका आपल्या ओळखीची निघते. तिथे फेरीवाले पत्र्याची भांडी घेऊन दारोदार जायचे आणि बायकांकडून त्यांच्या बदल्यात चिंध्या घ्यायचे. त्या चिंध्यांपासून कागद बनायचा. म्हणजे आपली बोहारीणच. पुढे लाकडाच्या लगद्यापासून कागद बनू लागला, चिंध्यांची मागणी गेली आणि त्याबरोबर दारावर येणारा तो माणूस गेला. घरातल्या बायका एका सकाळी उधळ्या झाल्या नव्हत्या. वस्तू परत नेणारी वाट बंद झाली होती.

त्या वाटेवरचे पुढचे अडथळे तर विचारपूर्वक घातले गेले. व्हरमाँट राज्याने १९५३ साली परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकायला बंदी केली. तो कायदा १९५७ साली संपू दिला गेला. त्याच १९५३ साली डबे, बाटल्या आणि पेयं बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था उभी राहिली. रस्त्यावर कचरा टाकणारी माणसं वाईट, हा तिचा संदेश. बाटली एकदाच वापरायची हे कुणी ठरवलं, हा प्रश्न त्यात मागे पडला. १९७१ साली ओरेगन राज्याने बाटल्यांवर अनामतीचा कायदा केला आणि तो टिकला. हा इतिहास समोर ठेवून ‘झीरो वेस्ट होम’ पुन्हा वाचलं की वेगळंच काही दिसतं. ज्या देशात बाटलीची जबाबदारी कंपन्यांनी ग्राहकावर ढकलली, त्याच देशात अर्ध्या शतकानंतर एक शहाणी, कष्टाळू गृहिणी ती जबाबदारी मनापासून अंगावर घेते आणि इतकी छान पार पाडते की ती मुळात कुणाची होती हे विसरायला होतं.

आता आपल्या आजीकडे येऊ. मराठी लेखातली आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते, धोतराची दुपटी करते, डालड्याच्या डब्यात तुळस लावते, भांड्यांना कल्हई लावून घेते आणि बोहारणीशी तासभर घासाघीस करून चार साड्यांवर एक पातेलं मिळवते. हे सगळं खरं आहे. पण या लेखांत ते चमत्कारासारखं येतं, आजीच्या स्वभावातून आपोआप उमललेलं. गोधडी म्हणजे थरावर थर आणि सबंध अंगभर घातलेला धावदोरा. दुपारच्या दोन-तीन तासांच्या हिशेबाने आठवडे जातात. फडकी धुवावी लागतात, डब्याची गंजलेली कड ठोकावी लागते, राखेने भांडी घासावी लागतात. घरातला कचरा कमी होता, कारण घरातल्या बाईचं काम संपत नव्हतं. आज ‘पुनर्वापर करा’ म्हणताना ते काम कुणाकडे जाणार, हे सांगितलं पाहिजे. मी पाहते त्या घरांत तरी पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारे हात अजून बाईचेच आहेत.

आणि बोहारीण? लेखात ती दारापर्यंत येते, घासाघीस करते, विनोद पुरवते आणि जाते. ती कुठे जाते, हे सांगणारं पुस्तक इंग्रजीत आहे. ल्यूसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं ‘रीसायकलिंग इंडियन क्लोदिंग’ (२०१०). क्षेत्र दिल्लीचं. मध्यमवर्गीय घरांतले कपडे स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात वाघरी समाजाच्या बायका नेतात. रघुबीर नगरच्या बाजारात ते पहाटेच विकले जातात, निवडले जातात, दुरुस्त होतात, पुढच्या बाजारांत जातात. कुठला कपडा नात्यात द्यायचा, कुठला कामवालीला, कुठला बोहारणीला, याचे घराघरांतले अलिखित नियम नॉरिस बारकाईने नोंदवतात. हे पुस्तक वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं, की जुना कपडा देणं म्हणजे आपण आणि घेणारा यांच्यातली उंची ठरवणं. कपडा एकाच दिशेने जातो, वरून खाली. कामवालीच्या मुलीचा जुना फ्रॉक आपल्या मुलीला घालणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

आपल्या समाजात हे खाली जाणं जातीने ठरवून दिलेलं होतं. गावातलं उरलंसुरलं अन्न, उतरलेले कपडे, मेलेलं जनावर, प्रेतावरचं कापड यांना काही जातींचा ‘हक्क’ म्हटलं जाई. सवर्ण घरातला कचरा शून्य होता, यामागे हेही एक कारण होतं. घरातून बाहेर पडलेल्या वस्तूला पुढे कुणीतरी नाइलाजाने वापरणारं बांधून ठेवलेलं होतं. १९ आणि २० मार्च १९२७ला महाडला परिषद भरली. आपल्याला ती चवदार तळ्यासाठी आठवते. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृत जनावरांचं मांस आणि शिळेपाके तुकडे सोडा, असं सांगितलं. जॉन्सन यांच्या यादीतलं पहिलं क्रियापद आठवा. नको म्हणा. कॅलिफोर्नियात त्याचा अर्थ दुकानातली फुकटची पिशवी नको म्हणणं. महाडला त्याचा अर्थ दुसऱ्याने टाकलेलं नको म्हणणं, असा होता. एका नकाराने कचरा कमी होतो. दुसऱ्या नकाराने माणूस ताठ उभा राहतो, मग टाकणाऱ्याच्या घरातला कचरा वाढला तरी चालेल.

दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढे आलेल्या दलित आत्मकथनांत पुनर्वापराचे जितके तपशील आहेत तितके कुठल्याही झीरो वेस्ट पुस्तकात नसतील. त्यांचा सूर मात्र स्मरणरंजनाचा नाही, कारण तिथे तो कुणी निवडलेला नव्हता. म्हणून ‘नवं कशाला, जुनं घ्या’ हा सल्ला सगळ्यांना सारखा ऐकू येत नाही. ज्या घरात पहिल्या पिढीला दुकानातून नवी कोरी साडी घेता आली, त्या घराला तो सल्ला देणाऱ्याने आधी आपल्या अंगावरचं जुनं कुणाकडून आलं आहे ते सांगावं. वस्तू आडवी फिरली, म्हणजे बरोबरीच्या माणसांत आली-गेली, तर ते वाटून घेणं. ती फक्त वरून खाली येत राहिली तर त्याला वाटून घेणं म्हणता येत नाही.

हा फरक पुण्यात रोज सकाळी दिसतो. इथे १९९३ साली कचरावेचक आणि भंगार गोळा करणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा नेऊ लागल्या. घरटी दरमहा शुल्क आणि कागद, काच, पत्रा, प्लास्टिक विकून येणारे पैसे, अशी त्यांची मिळकत. त्यातल्या बहुसंख्य बायका दलित समाजातल्या आहेत. काम तेच जुनं, पण आता त्याला संघटना आहे, गणवेश आहे, दर आहे आणि भांडण्याची सोय आहे.

इथे कचरामुक्त घराच्या लेखकांनी न पाहिलेला एक पेच आहे. मी बाटल्या आणणं बंद केलं, खोके नाकारले, सगळं सुटं आणलं, तर माझा अंतरात्मा शांत होतो. ताईंच्या बादलीत मात्र विकता येणारं काहीच पडत नाही. ओला कचरा, घाण झालेल्या पिशव्या आणि सॅनिटरी पॅड एवढंच उरतं. माझी बरणी जितकी आदर्श, तितकी तिची सकाळ तोट्याची. यावर उपाय म्हणून मी जास्त बाटल्या आणाव्यात असं नाही. उपाय हा, की तिची मिळकत माझ्या भंगारावर अवलंबून नसावी. कचरा नेण्याच्या कामाला पुरेसा मोबदला असावा, आणि बाटल्या परत नेणं, धुणं, भांडी फिरवणं ही नवी कामं निघतील तेव्हा त्यांवर पहिला हक्क तिचा असावा. ज्यांना गल्लीतलं प्रत्येक दार माहीत आहे, परतीचा रस्ता त्यांच्याइतका कुणाला ठाऊक?

‘स्वच्छ’ने नागरिकांना एक साधी सवय शिकवली. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि त्यावर लाल ठिपका काढायचा. म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला तो पुडका उघडावा लागत नाही. या ठिपक्याने जगातला कचरा एका ग्रॅमनेही कमी होत नाही. बरणीच्या मापात त्याला किंमत शून्य. पण कचऱ्याविषयीच्या शंभर लेखांत मला न सापडलेली गोष्ट त्यात आहे. टाकणाऱ्याने उचलणाऱ्याच्या हाताचा विचार केला आहे.

वाटून वापरण्याचं खरं नमुनेदार उदाहरणही परदेशी पुस्तकांत शोधायची गरज नाही. आपल्या गावांत आणि शहरांत रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रं असतात. एखादी न्यास संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा गणेश मंडळ ती चालवतं. फाउलर पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, एअरबेड. अनामत भरायची, नाममात्र भाडं द्यायचं, गरज संपली की परत करायचं. डॉक्टर, कारकून, रिक्षावाला, सगळे एकाच रांगेत. कालवर ज्या पलंगावर एका घरातलं माणूस होतं, तोच पलंग आज दुसऱ्या घरात जातो आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. लग्नकार्याची मोठी पातेली आणि पराती भाड्याने देणारे बचत गटही आहेत. त्यांची ताटं असली की थर्माकोलची लागत नाहीत.

अशी केंद्रं मी जवळून पाहिली आहेत. ती चांगुलपणावर सुरू होतात खरी, पण चालतात वहीवर. कुणी कधी काय नेलं, अनामत किती, परत कधी येणार, याची नोंद ठेवणारं माणूस असतं. परत आलेली खुर्ची जंतुनाशकाने धुणारं कुणी असतं. चाकाचा स्क्रू ढिला झाला तर पाना घेऊन बसणारं कुणी असतं. ते माणूस थकलं आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही, की वर्षभरात पलंग गंजतात. वाटून वापरायच्या वस्तूला मालकापेक्षा राखणदार जास्त लागतो. ही केंद्रं चालवणाऱ्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहिलेला माझ्या तरी वाचनात नाही. तो लिहिला गेला तर ते मराठीतलं या विषयावरचं सर्वांत उपयोगी पुस्तक ठरेल.

मग जॉन्सन यांचं पुस्तक टाकून द्यायचं का? नाही. त्यांचा पहिला प्रश्न, ही वस्तू घरात आलीच कशाला, हा रोज विचारण्यासारखा आहे, आणि तो विचारून मी माझ्या घरातल्या बऱ्याच गोष्टी थांबवल्या आहेत. आजीच्या लेखांनाही माझा विरोध नाही, आजीच्या दुपारचा हिशेब त्यांत आला तर. माझा आक्षेप मापाला आहे. घरात किती कचरा उरला या मापाने ज्याच्याकडे पैसा, वेळ, जागा आणि आरोग्य आहे तोच नेहमी पुण्यवान ठरणार. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बरण्यांची रांग लावायला भिंत नसते.

या लेखनप्रकारातल्या पुढच्या पुस्तकाकडून मला दुसरं माप हवं आहे. घरातून बाहेर पडलेली वस्तू परत येते का? ती परत आणणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात का? आणि ती वस्तू ज्या हाताने मी देते, त्याच हाताने कधी घेतेही का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कारखान्यांना आणि सरकारला द्यावं लागेल, दुसऱ्याचं महापालिकेला आणि सोसायट्यांना. तिसऱ्याचं उत्तर तेवढं घरात द्यायचं आहे. बरणीत न मावणारं नेमकं तेच आहे.